दोन ट्रॅकची गुन्हेकथा तिसऱ्या भागात का रुतते? ‘द वायर’चा दुसरा सीझन आणि आमची खाडीवरची पटकथा

गुहागरची पडवी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही गुहागर परिसरातले पाच जण बरीच वर्षे एकांकिका करत आलो आहोत आणि यंदा पहिल्यांदाच आठ भागांच्या एका गुन्हेकथेची पटकथा लिहायला बसलो आहोत. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आमच्यातला तांडेल (मासेमारी नौकेचा प्रमुख) आणि बर्फाच्या कारखान्यातला एक जण असे दोघे मोकळे असतात. पावसामुळे बाकीच्यांनाही कुठे फारसे जाता येत नाही. त्यामुळे संध्याकाळी पडवीत बसून एक भाग मोठ्याने वाचायचा आणि मग त्यावर भांडायचे, असा क्रम पडला आहे. पहिल्या दोन भागांना सगळे कान देऊन बसले होते. तिसऱ्या भागाच्या वाचनात मात्र कपबशा वाजू लागल्या, एक जण उठून कौलांची गळती पाहून आला, आणि लिहिणारा मीच असल्यामुळे ते सगळे मला जरा जास्तच ऐकू आले.

कथेत दोन ट्रॅक आहेत. दाभोळच्या खाडीत एका नेपाळी खलाशाचे प्रेत सापडते आणि सागरी पोलीस ठाण्यातली एक महिला उपनिरीक्षक तपास हाती घेते, हा पहिला ट्रॅक. तो खलाशी ज्या नौकेवर होता तिच्या तांडेलाचे घर, त्याच्या डोक्यावरचे कर्ज आणि त्या कर्जापायी त्याने पत्करलेली डिझेलची रात्रीची एक खेप, हा दुसरा. आम्ही दोघांना अगदी प्रामाणिकपणे निम्मी निम्मी पाने दिली आहेत. ठाण्यातला एक प्रसंग झाला की लगेच घरातला एक येतो. तरीही कथा पुढे सरकत नाही असे वाटते.

अभ्यास म्हणून ‘द वायर’ या अमेरिकी मालिकेचा दुसरा सीझन पाहिला, कारण तोही बंदरावरच घडतो. (ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी येथेच थांबावे, कारण पुढे सगळे उघड होणार आहे.) 2003 साली एचबीओ वाहिनीवर आलेल्या या बारा भागांत एकीकडे बाल्टिमोरच्या गोदीतली कामगार संघटना आणि तिचा नेता फ्रँक सोबोटका आहे, तर दुसरीकडे पहिल्या सीझनपासून चालत आलेली, अमली पदार्थ विकणारी बार्क्सडेल टोळी आहे. पहिल्या तेरा भागांत ज्यांच्यात आपला जीव गुंतला त्या माणसांना कोपऱ्यात बसवून अनोळखी गोदी कामगारांची ओळखपरेड सुरू होते, आणि पोलिसांचे जुने पथकही सीझन बराच पुढे सरकेपर्यंत पुरते एकत्र येत नाही. आम्हाला पहिले पाच भाग जड गेले. सहाव्या भागात तुरुंगात त्या टोळीतल्या डीअँजेलोचा खून झाला आणि तिथून पुढे आम्ही एका रात्रीत तीन तीन भाग संपवले.

माझा प्रश्न असा आहे की हा सुरुवातीचा संथपणा कथानकांच्या असमतोलातून येतो, की तो जाणीवपूर्वक ठेवलेला आहे? आणि दोन ट्रॅकना जागा किती द्यायची हे ठरवताना अनुभवी मंडळी नेमके काय मोजतात?

उरणचा कंटेनरवाला

मी न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर गोदामात काम करतो, त्यामुळे माझे मत एकांगी असणार, हे आधीच कबूल करतो. तुम्हाला जे पाच भाग जड गेले तेच मला सर्वांत वेगवान वाटले.

त्या भागांत घडते काय ते पाहा. बंदराच्या पोलीस दलातली एक साधी शिपाई बाई सील तुटलेल्या कंटेनरपाशी थबकते आणि आत तेरा बायकांची प्रेते निघतात. पुढे कळते की हवा येण्यासाठी ठेवलेली नळी ठोकून चपटी केलेली होती, म्हणजे हा अपघात नसून खून आहेत. हे सगळे पहिल्या दोन भागांत उरकते. त्यानंतर मालिका जे दाखवते त्याला तुम्ही ओळखपरेड म्हणता, पण माझ्या लेखी ती गुन्ह्याची यंत्रणा आहे. जहाजावरून उतरलेल्या प्रत्येक कंटेनरची टॅली, म्हणजे मोजदाद, होते, तो यार्डात कुठे ठेवला याची संगणकात नोंद होते, आणि टॅली करणाऱ्याने ती नोंद केलीच नाही तर चाळीस फुटांची ती लोखंडी वस्तू कागदोपत्री जगातून नाहीशी होते. हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडेपर्यंत दोन-तीन भाग जाणारच. एकदा ते अंगवळणी पडले की नंतरच्या भागांत नुसत्या एका कळीच्या दाबण्याने छातीत धस्स होते, आणि तिथे संवादाची गरजच राहत नाही.

दुसरी गोष्ट थोडी घरची आहे. माझे आजोबा चिपळूणकडून मुंबईच्या गोदीत गेलेल्या चाकरमान्यांपैकी होते, आणि 1989 साली न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाल्यावर पाठीवरच्या मालाचे दिवस कसे आटत गेले, हे आम्ही त्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहे. त्या सीझनमध्ये सोबोटकाला रॉटरडॅमच्या यांत्रिक बंदराची माहिती दाखवली जाते, तो प्रसंग मी एकट्याने दोनदा पाहिला. तिथे कोणी कोणाला मारत नाही, पडद्यावर फक्त माणसांवाचून चालणारी यंत्रे दिसतात आणि या माणसाचा चेहरा दिसतो. तो तस्करांचे पैसे स्वतःच्या घरासाठी घेत नाही. कालव्यातला गाळ काढला जावा आणि धान्याचा जुना धक्का पुन्हा चालू व्हावा म्हणून राजकारण्यांना देण्यासाठी घेतो. तुमच्या तांडेलाचे कर्ज कशाचे आहे? ते नुसतेच कर्ज असेल तर त्याच्या घरातले प्रसंग लांबणारच.

देवगडचा ट्रॅकवाला

मी सात वर्षे मुंबईत दैनंदिन मालिकांसाठी पटकथा लिहिली आणि आता गावी परत आलो आहे. वाहिनीचे नाव घेत नाही, कारण त्या लोकांनी मला जेवू घातले आहे. तिथे दर गुरुवारी टीआरपीचे आकडे हातात पडत आणि ज्या ट्रॅकला आकडा मिळाला तो शुक्रवारपासून फुगायला लागे, मग कथेची गरज काहीही असो. एखाद्या कलाकाराच्या तारखा नसल्या की त्याचा ट्रॅक पंधरा दिवस कोमात जाई. कधीकधी अक्षरशः कोमात जाई, कारण बेशुद्ध माणसाला क्लोजअपची गरज नसते. समतोल म्हणजे पानांची वाटणी हा समज मी तिथेच शिकलो आणि तो विसरायला मला बराच काळ लागला.

दोन ट्रॅकचे पारडे मिनिटांनी तोलू नये. एका ट्रॅकमध्ये घडलेल्या गोष्टीचे बिल दुसऱ्या ट्रॅकमध्ये कोणाला तरी भरावे लागते की नाही, एवढेच पाहावे. ‘द वायर’च्या दुसऱ्या सीझनमध्ये गोदीवाले आणि बार्क्सडेलवाले एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, तरीही ज्या ग्रीक तस्करांचे कंटेनर सोबोटका यार्डातून गायब करतो, त्यांचाच अमली माल पूर्व बाल्टिमोरमधल्या प्रपोझिशन जो या विक्रेत्याकडे जातो, आणि बार्क्सडेलांचा स्वतःचा माल हलका निघू लागल्यावर टोळीतला दुसऱ्या क्रमांकाचा स्ट्रिंगर बेल, तुरुंगातल्या म्होरक्या एव्हनला अंधारात ठेवून, त्याच ‘जो’बरोबर बोलणी करतो. म्हणजे धक्क्यावर नजरेआड झालेल्या एका लोखंडी पेटीमुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन मित्रांमध्ये फट पडते. हे पात्रांना कळत नाही, फक्त आपल्याला कळते. मात्र हा धागा उशिरा हाती लागतो, म्हणून पूर्वार्धात दोन वेगळ्या मालिका आलटून पालटून पाहत असल्यासारखे वाटते. तुमची तक्रार तेवढ्यापुरती मला मान्य आहे.

आता तुमच्या तिसऱ्या भागाविषयी. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींवरून माझा अंदाज असा की तांडेलाची ती रात्रीची खेप प्रेक्षकाला दुसऱ्या भागातच दिसते आणि उपनिरीक्षकबाईंना ती पाचव्या-सहाव्या भागात कळते. तसे असेल तर मधले सगळे भाग प्रेक्षक एकच गोष्ट करत बसतो: आपल्याला ठाऊक असलेले पोलिसांना कधी कळते याची वाट पाहतो. वाट पाहणाऱ्याला चहाची आठवण होणारच. ‘द वायर’मध्येही दुसऱ्या भागाच्या शेवटी त्या बायकांशी संबंध असलेल्या खलाशाचा तस्कर काटा काढतात, त्यामुळे ‘कोणी केले’ हा प्रश्न प्रेक्षकापुरता जवळजवळ तिथेच मिटतो आणि पोलीस पुढचे कित्येक भाग अंधारात चाचपडत राहतात. पण त्या प्रश्नाच्या जागी लेखकांनी ताबडतोब दुसरा ठेवला आहे: हा सोबोटका आपल्या माणसांना घेऊन यातून बाहेर पडेल का? त्याचा मुलगा झिगी हा प्रत्येक भागात थोडा थोडा तापत जातो, आणि दहाव्या भागात त्याच्या हातून तस्करांच्या ग्लेकस नावाच्या माणसाचा खून होतो तेव्हा आपल्याला धक्का बसतो, पण आश्चर्य वाटत नाही.

तुमची वही काढा आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एकच वाक्य लिहा: या घटकेला प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न आहे? दोन लागोपाठच्या भागांखाली तेच वाक्य आले तर त्यातला एक भाग गाळा, मग तो कितीही सुंदर उतरलेला असो. सुंदर उतरलेलेच गाळावे लागते, हे आगाऊ सांगून ठेवतो.

गुहागरची पडवी

अंदाज तंतोतंत बरोबर आहे. खेप दुसऱ्या भागात दिसते आणि बाईंना ती सहाव्यात कळते. काल रात्री वाक्ये लिहून पाहिली. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागाखाली एकच वाक्य आले. आमच्या तांडेलाचे म्हणणे असे की त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. कर्ज कशाचे, हा उरणच्या मित्राचा प्रश्नही खराच आहे, कारण आमच्या पटकथेत ते फक्त ‘कर्ज’ आहे.

कुडाळचा कट्टेकरी

सगळे एकाच मालिकेची आरती करत आहेत म्हणून थोडा विरोध नोंदवतो. संथपणाला ‘यंत्रणेची ओळख’ असे भारदस्त नाव दिले की तो गुण होत नाही. एक गोष्ट मात्र त्या मालिकेच्या बाजूने सांगायला हवी. ती 1 जून 2003 पासून दर रविवारी एक भाग अशा गतीने ऑगस्टच्या अखेरीपर्यंत दाखवली गेली. योगायोगाने आपल्या बंदीच्याच दिवशी सुरू झाली. आठवड्याला एक भाग पाहणारा माणूस मधले सहा दिवस त्या गोदीत मनाने वावरतो. आपण एका बैठकीत तीन पाहतो आणि मग लेखकाच्या चालीला नावे ठेवतो. तुमची आठ भागांची मालिका लोक कशी पाहणार आहेत, हे आधी ठरवा, कारण चाल त्यावर अवलंबून आहे.

असमतोलाचे खरे उदाहरण हवे असेल तर ‘ब्रॉडचर्च’ या ब्रिटिश मालिकेचा 2015 मधला दुसरा सीझन पाहा. तोही समुद्रकाठचा आणि तुमच्यासारखाच आठ भागांचा आहे. त्यात एका बाजूला पहिल्या सीझनमधल्या खुनाचा खटला चालतो आणि दुसऱ्या बाजूला सँडब्रुकचे जुने प्रकरण उकरले जाते. दोन्ही ठिकाणी तेच दोन पोलीस अधिकारी आहेत, म्हणजे वरवर पाहता जोड पक्की आहे. पण खटल्यात जे घडते त्याने सँडब्रुकचा तपास अडत नाही आणि तपासात जे सापडते त्याने खटला हलत नाही. देवगडकरांच्या भाषेत सांगायचे तर बिल दुसऱ्या घरी पोहोचतच नाही. शेवटी आरोपी निर्दोष सुटतो तो प्रसंग मनाला लागतो, परंतु त्याच भागात दुसऱ्या प्रकरणाचाही उलगडा उरकायचा असल्यामुळे त्या लागण्याला बसायला जागा मिळत नाही.

याच्या उलट डॅनिश ‘फॉरब्रुडेल्सन’ घ्या. 2007 चा पहिला सीझन वीस भागांचा आहे, प्रत्येक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस, आणि ट्रॅक दोन नव्हे तर तीन: पोलीस, मुलीचे आईवडील, आणि कोपनहेगनच्या महापौरपदाची निवडणूक. तरी तो रुतत नाही, कारण पोलिसांचा संशय ज्याच्यावर जाईल त्याचे पाणी त्याच दिवशी आईवडिलांच्या स्वयंपाकघरात आणि राजकारण्याच्या कचेरीत शिरते. माझ्या मते तुमच्या तांडेलाच्या घरापेक्षा खलाशाच्या घराचा विचार त्याच पद्धतीने व्हायला हवा, पण त्यावर दुसऱ्या कोणी लिहिलेले बरे.

आपल्या मुलखातले उदाहरण द्यायचे तर ‘रात्रीस खेळ चाले’. आकेरीला त्याचे चित्रीकरण चालू होते तेव्हा वाडा पाहायला लोटलेल्या गर्दीत मीही होतो. 2016 मधला पहिला सीझन हा घरातल्या मृत्यूंचे रहस्य आणि नाईकांच्या भाऊबंदकीचा तंटा असे दोन ट्रॅक घेऊन चालला होता, आणि भाऊबंदकीच्या प्रसंगांत रहस्य अजिबात पुढे गेले नाही तरी आम्ही कंटाळलो नाही, कारण जमिनीवरून भांडणारा प्रत्येक जण आपोआप संशयित ठरत होता. इथे भांडण हाच पुरावा होता. तुमच्या तांडेलाच्या घरातल्या प्रत्येक प्रसंगाने कोणाविषयी तरी संशय वाढतो का, ते तपासा.

जाता जाता दशावताराचे सांगतो, कारण तुम्ही नाटकवाले आहात. आडदशावतारात गणपती, सरस्वती आणि संकासुर होऊन गेल्याशिवाय आख्यान लागत नाही, आणि नवख्या माणसाला तो सगळा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण संकासुराच्या वेळी झोपलेली पोरे आख्यानाला उठवावी लागत नाहीत, ती आपोआप जागी होतात. पेटी आणि मृदंगाची लय बदलते. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या सांध्यावर लय बदलते का? मला वाटते तुम्ही ठाणे-घर-ठाणे-घर अशी एकाच मात्रेत चालवली आहे. कधी सलग अर्धा भाग घरातच राहा.

हर्णैची लिलाववाली

मी पटकथा लिहीत नाही. हर्णैच्या बंदरावर लिलावात उभी राहते आणि रात्री मालिका पाहते, एवढाच माझा अधिकार. ‘द वायर’च्या त्या सीझनविषयी माझी तक्रार वेगाची नाही. कंटेनरमधल्या बायका आणि पाण्यात मिळालेली आणखी एक, यांपैकी कोणाचाही ट्रॅक नाही. मॅकनल्टी हा पोलीस त्या पाण्यातल्या मुलीचे नाव शोधायची धडपड करतो आणि ते त्याला सापडत नाही. ते खरे आहे, जगात तसेच होते. पण बारा भागांत गोदीवाल्यांच्या दारूच्या गुत्त्याला जेवढी जागा मिळाली तेवढी त्या मुलींपैकी एकीच्या घराला मिळाली असती तर मला तोलाचे वाटले असते. तुमच्या खलाशाचे नाव काय आहे? संपूर्ण प्रश्नात तो ‘नेपाळी खलाशी’ एवढाच आहे. आमच्याकडच्या नौकांवर अशी मुले पुष्कळ आहेत, हंगाम संपला की ती गावी जातात, आणि जाताना एखाद्याने मागे ठेवलेली पत्र्याची पेटी तांडेलाच्या घरात पडून असते. ती पेटी तुमच्या दोन ट्रॅकमध्ये ठेवून बघा.

दुसरे, त्याच मॅकनल्टीचे. बंदरगस्तीवर बसवल्याचा राग म्हणून तो भरती-ओहोटी आणि वाऱ्याचा हिशेब मांडतो आणि प्रेत शहर पोलिसांच्या हद्दीत ढकलून वरिष्ठाच्या गळ्यात मारतो. मला हा सीझनमधला सगळ्यात गमतीचा भाग वाटला. तुमची दाभोळची खाडी तर हद्दीवरच आहे, उत्तरेला दापोली तालुका आणि दक्षिणेला गुहागर. प्रेत कोणत्या काठाला लागले, यावर पहिला अख्खा भाग निघेल. आणि पाण्याचे गणित तुमच्या तांडेलाला बाईंपेक्षा चांगले येते, त्यामुळे हद्द ठरवायला त्या त्यालाच बोलावतील. घर आणि ठाणे तिथेच एकत्र आले.

तिसरे वेळेचे. वरच्या दादांनी एक भाग म्हणजे एक दिवस असे सांगितले, आपल्याकडे त्याहून सोपे माप आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते; चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, आणि ती उधाणाची. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला जोर नसतो. गाळाने भरलेल्या खाडीच्या तोंडातून भरलेली नौका आत घ्यायची तर भरतीच लागते, मग ती तांडेलाची असो की पोलिसांची गस्तीची असो. तुमची गोष्ट अमावस्येच्या मध्यरात्री सुरू करा आणि पौर्णिमेच्या मध्यरात्री संपवा. पंधरा दिवस, आठ भाग. पहिल्या रात्री पाणी भरपूर आणि काळोख, कोणाला काही दिसत नाही. शेवटच्या रात्री पाणी तेवढेच, पण चांदण्यात तीच नौका दोन्ही काठांवरून दिसते. मधल्या भांगाच्या दिवसांत तुमचा तो रुतलेला भाग आला तर रुतू दे, पण नौका खरोखर रुतलेली असू दे आणि डिझेल अजून तिच्यातच असू दे.

गुहागरची पडवी

ताई, तांडेलाने हे दोनदा वाचायला लावले. पंचांग काढून बसलो आहोत. खलाशाचे नाव अजून ठरत नाही, पण पेटी तिसऱ्या भागात तांडेलाच्या बायकोला सापडते आणि ती नवऱ्याला सांगत नाही, एवढे आज पक्के झाले. देवगडकरांसाठी: तिसऱ्या भागाखालचे वाक्य बदलले आहे, चौथ्याचे अजून तेच येते.

देवगडचा ट्रॅकवाला

मग चौथा गाळा.